खो-खोच्या मुली आणि माझी सही

दरवर्षी पावसाळा सुरू झाला की आमच्या सरकारी दवाखान्यात कागदांचा एक गठ्ठा येतो. गंगाखेड-राणीसावरगाव पट्ट्यातल्या महाविद्यालयांचे क्रीडाशिक्षक तो घेऊन येतात. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेला जाणारा खेळाडू तंदुरुस्त आहे, असं डॉक्टरनं लिहून द्यायचं असतं. छापील नमुना, वर नाव, खाली माझी सही आणि शिक्का. ओपीडीसमोर रांग लागलेली असते, तापाचे रुग्ण असतात, कुणाला विंचू चावलेला असतो. त्या गर्दीत मी अशा किती सह्या केल्या, याची मोजदाद नाही. खेळाडू समोर नसायचे, फक्त कागद असायचे. खेळणारं पोर धडधाकटच असणार, असं मी गृहीत धरत होतो. हे चूक होतं आणि ती चूक माझी होती.

गेल्या जुलैत एक सर कागदांबरोबर एका मुलीलाही घेऊन आले. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाची, सडपातळ, मुलींच्या खो-खो संघातली सगळ्यात चपळ खेळाडू. सर म्हणाले, "संरक्षणात हिला दीड मिनिट कुणी हात लावू शकत नाही. पण दीड मिनिट झालं की हिचा खेळ एकदम बसतो. सरावात दोनदा डोळ्यांपुढं अंधारी आली. स्टॅमिना वाढवायचं काही टॉनिक द्या, डॉक्टरसाहेब."

"काही नाही सर," मुलगी घाईनं म्हणाली, "सकाळी खाल्लं नव्हतं म्हणून झालं." आपल्याला संघातून काढतील, ही भीती तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होती.

खालची पापणी ओढून पाहिली तर आतला भाग पांढुरका. नखांखाली गुलाबीपणा नाही. बसल्या जागी नाडी शंभरच्या वर. रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ८.९ निघालं. बाईच्या रक्तात, ती गरोदर नसताना, ते किमान १२ असावं असं धरतात. १२ च्या खाली रक्तक्षय, ११ च्या खाली मध्यम, ८ च्या खाली तीव्र. म्हणजे ही मुलगी तीव्रच्या उंबरठ्यावर उभी राहून खो-खो खेळत होती आणि तिला पकडायला समोरच्या संघाला दीड मिनिट लागत होतं!

मी सरांना म्हणालो, "बाकीच्या चौदा जणींनाही घेऊन या. तोवर सही नाही."

त्या आल्या. पंधरापैकी नऊ जणी बाराच्या खाली होत्या. ऐकून सरांना धक्का बसला. मला बसला नाही, कारण राज्याचं चित्र वेगळं नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५७ टक्के रक्तक्षयी आढळल्या होत्या. त्याआधीच्या पाहणीत हा आकडा ५० च्या आसपास होता. बोटाच्या थेंबावर मोजलं की प्रमाण जरा फुगतं, असा एक आक्षेप आहे आणि तो अगदीच चुकीचा नाही. पण आमच्या मुलींचं रक्त शिरेतून घेतलं होतं.

आता हा 'स्टॅमिना' म्हणजे काय, ते थोडं हिशेबानं पाहू. एक ग्रॅम हिमोग्लोबिन साधारण १.३४ मिलिलिटर प्राणवायू वाहून नेतं. हिमोग्लोबिन १२ असेल तर एक लिटर रक्तातून सुमारे १६० मिलिलिटर प्राणवायू जातो. ९ असेल तर १२०. जोरात पळताना तरुण मुलीचं हृदय मिनिटाला १५ लिटरच्या आसपास रक्त फेकतं असं धरलं, तर एकीच्या स्नायूंकडे मिनिटाला २,४०० मिलिलिटर प्राणवायू निघतो, दुसरीच्या १,८००. हा फरक भरून काढायला हृदय ठोके वाढवतं. पण विशीतल्या माणसाच्या हृदयाची मर्यादा मिनिटाला २०० ठोक्यांच्या आसपास असते. ती गाठली की पुढं काही उरत नाही. स्नायू प्राणवायूविना काम रेटतात, पाय जड होतात, डोळ्यांपुढं काजवे चमकतात.

खो-खोत हे फार लवकर उघडं पडतं. मैदानात धावणाऱ्या तीन-तीनच्या तुकडीनं येतात. पाठलाग करणाऱ्या आठ जणी आलटून-पालटून उलट तोंडं करून बसलेल्या, नववी मागं लागलेली. तिला मधूनच वळता येत नाही, पळणारीला येतं. म्हणून पळणारी हुलकावणी देते, दोघींमधल्या फटीतून निसटते, खांबाला वळसा घालते. पण तेवढ्यात 'खो' मिळतो आणि ताज्या दमाची नवी मुलगी अंगावर येते. समोरच्यांचा दम बदलत राहतो, पळणारीचा मात्र तोच असतो. नऊच्या हिमोग्लोबिनवर दीड मिनिट टिकणं हा पराक्रमच होता. सर त्याला आळस समजत होते आणि तिला मैदानाला जादा फेऱ्या मारायला लावत होते.

गोळ्या सुरू केल्या. किशोरवयीन मुलींसाठीची सरकारी निळी गोळी बहुतेकांना माहीत असते. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असतं. शाळेत ती आठवड्याला एक मिळते. बारावी झाली की आमच्याकडं ही साखळी तुटते, महाविद्यालयात ती कुणी वाटत नाही. रक्तक्षय झाल्यावर आठवड्याला एक गोळी पुरतही नाही. उपचाराला रोज दोन, किमान तीन महिने, असं आमचं सरकारी मार्गदर्शन सांगतं. सोबत जंतांची गोळी दिली.

पंधरा दिवसांनी विचारलं तर नऊपैकी चौघींनी गोळ्या सोडल्या होत्या. पोट दुखतं, मळमळतं, शौचाला काळं होतं. काळ्या रंगानं त्या घाबरल्या होत्या. तो लोहाचाच रंग असतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, हे पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. ते राहून गेलं. या चौघींना मग दिवसाआड गोळी दिली. त्यामागं शास्त्रही आहे. लोहाची गोळी घेतली की यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक सोडतं आणि आतड्यातून लोह आत येण्याचं दार जवळजवळ दिवसभरासाठी किलकिलं होतं. दुसरी गोळी लगेच घेतली तर तिच्यातलं बरंचसं लोह शोषलंच न जाता बाहेर पडतं आणि पोटाला त्रास मात्र देतं. दमवणाऱ्या व्यायामानंतर तीन ते सहा तासांनीही हेच संप्रेरक वाढतं. म्हणून खेळाडूंना सांगितलं की सकाळचा सराव संपला की लगेच गोळी घ्या, दुपारवर ढकलू नका. वर लिंबूपाणी किंवा पेरू. आणि चहा नको.

चहावर सगळ्यात जास्त वाद झाला. सकाळी सहाला सराव, त्याआधी कपभर चहा, सराव संपल्यावर पुन्हा चहा आणि भाकरी. बहुतेकींचा दिवस असाच सुरू व्हायचा. जेवणासोबत घेतलेला चहा वनस्पतीतलं लोह निम्म्याहून अधिक अडवतो. "चहा सोडायचा तर मग खो-खो सोडलेलं बरं," संघाची कर्णधार म्हणाली. शेवटी तह झाला. चहा प्यायचा, पण जेवणाच्या आधी-नंतर तासभर नाही.

खाण्याचं सांगताना डॉक्टर मंडळी सफरचंद आणि खजुरावर येतात. आमच्याकडं ते कोण आणणार? ज्वारीची भाकरी चांगलीच आहे, थंडीत बाजरी आणखी चांगली, तिच्यात लोह ज्वारीपेक्षा जास्त. अंबाडी, तांदुळजा, कारळाची चटणी, मोड आलेली मटकी हे सगळं घरचंच आहे. मोड आणल्यानं लोह अडवणारे घटक कमी होतात. गुळाचं मात्र जरा जास्तच कौतुक होतं. त्याच्या एका खड्यानं हिमोग्लोबिन चढत नाही. शेंगदाणे-गूळ मी तरीही सांगितले, पण वेगळ्या कारणासाठी. त्याकडं आता येतो.

मी पुरुष डॉक्टर, पन्नाशी उलटलेला. पाळीबद्दल मी विचारलं की मुली मान खाली घालून "बरोबर आहे सर" म्हणायच्या. मग हे काम आमच्या सिस्टरनं केलं. तिनं पंधरा जणींना बाजूच्या खोलीत बसवलं आणि तासाभरानं बाहेर येऊन मला दोन गोष्टी सांगितल्या.

पहिली अशी की तिघींना पाळीत फार रक्त जातं. दर महिन्याला साधारण ३० ते ४० मिलिलिटर रक्त जाणं नेहमीचं. ८० च्या वर गेलं तर ते जास्त. घरात मिलिलिटर कोण मोजणार? पण रात्री उठून कपडा बदलावा लागतो का, मोठ्या गाठी पडतात का, सात दिवसांपेक्षा जास्त चालतं का, एवढं विचारलं तरी अंदाज येतो. ४० मिलिलिटर रक्तातून जवळपास १६ मिलिग्रॅम लोह जातं आणि शरीर अन्नातून दिवसाला एक-दोन मिलिग्रॅमच शोषू शकतं. ज्यांचं दुप्पट रक्त जातं, त्यांचा ताळेबंद गोळीशिवाय जुळत नाही. त्या तिघींना वेगळे उपचार दिले.

दुसरी गोष्ट ऐकून मी खुर्चीत सरळ बसलो. एकीला पाच महिने पाळीच आली नव्हती. तिनं ते कुणाला सांगितलं नव्हतं. उलट, कटकट नाही म्हणून तिला बरंच वाटत होतं.

आधी इतर कारणं तपासून पाहिली. गर्भ, थायरॉइड, अंडाशयातल्या गाठी. काही सापडलं नाही. मग तिचा दिवस विचारला. पहाटे पाणी भरणं, सराव, चालत महाविद्यालय, दुपारी शेतात खुरपणी, संध्याकाळी पुन्हा सराव. खाणं दोन वेळचं, तेही सगळ्यांचं झाल्यावर उरेल तसं. नडगी महिनाभर दुखत होती.

शरीर हे घर चालवणाऱ्या बाईसारखं असतं. येणारं कमी आणि जाणारं जास्त झालं की आधी सणवार बंद. मेंदूतून अंडाशयाकडं जाणारे संदेश थांबतात, पाळी थांबते. पाळीबरोबर इस्ट्रोजेन घटतं आणि इस्ट्रोजेन घटलं की हाडं ठिसूळ व्हायला लागतात. मुलींच्या हाडांचा सुमारे ९० टक्के भरणा अठराव्या वर्षापर्यंत होतो, तो नंतर सावकाश करू म्हणून होत नाही. खेळाडू मुलींमध्ये कमी खाणं, पाळी थांबणं आणि हाडं कमकुवत होणं या त्रिकूटाला १९९० च्या दशकात वैद्यकानं नाव दिलं. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं ही व्याख्या आणखी रुंद केली, कारण हृदय, मन, प्रतिकारशक्ती या सगळ्यांनाच ही उपासमार पोचते. शेंगदाणे-गूळ आले ते इथं. मूठभर सरावाआधी, मूठभर नंतर. शिवाय घरी सांगितलं की खेळ सुटेपर्यंत हिची खुरपणी थोडी कमी करा आणि ताटातलं वाढवा.

तिची आई भेटायला आली तेव्हा तिचं दुखणं वेगळं होतं. "पळून पळून पोरीची पाळी गेली, साहेब. आता हिला लेकरू होईल का?" ही भीती काही फक्त परभणी जिल्ह्यातली नाही. २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर डिक, कर लेडीज या कारखान्यातल्या मुलींच्या संघाचा फुटबॉल सामना पाहायला ५३ हजार लोक आले होते. पुढच्याच वर्षी इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेनं आपल्या मैदानांवर बायकांना बंदी घातली. हा खेळ स्त्रीच्या शरीराला मानवत नाही, असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांत डॉक्टरही होते. बंदी पन्नास वर्षं टिकली. १९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये ८०० मीटर पळून बायका दमल्या म्हणून ती शर्यत १९६० पर्यंत बंद राहिली. पुरुष धावपटू शर्यतीनंतर आडवे पडायचेच, त्यावर कुणी काही बोललं नाही. माझ्या व्यवसायाचा हा वारसा डोक्यात ठेवून मी त्या आईला सांगितलं की खेळ थांबवायचा नाही, जेवण वाढवायचं. वजन भरलं की पाळी येईल. ती पूर्ण पटली नसावी. पण दुसऱ्या आठवड्यापासून डब्यात दोन भाकऱ्या जादा येऊ लागल्या, असं सर म्हणाले.

सप्टेंबरात मराठवाड्याला अतिवृष्टीनं झोडपलं, ते वाचकांना आठवत असेल. आमच्याकडं सोयाबीन पाण्यात गेलं, मैदान चिखलात. पंधरा दिवस सराव नाही. पाणी ओसरल्यावर काळी माती वाळून भेगाळली आणि त्या भेगाळलेल्या मैदानावर, स्पर्धा जवळ आली म्हणून, घाईनं सराव सुरू झाला. चौथ्या दिवशी पाठलागातली एक मुलगी भरधाव जाऊन खांबाला वळली. पाय भेगेत अडकला, अंग वळलं, गुडघा वळला नाही. जवळच्या मुलींना 'टक्' असा आवाज ऐकू आला.

दवाखान्यात आली ती तिसऱ्या दिवशी. मधले दोन दिवस कुणीतरी गुडघा चोळून, ओढून बसवला होता. आवाज, दोन-तीन तासांत टम्म सूज आणि नंतर पायऱ्या उतरताना गुडघा सटकणं, या तीन गोष्टी एकत्र आल्या की गुडघ्यातला पुढचा आडवा अस्थिबंध तुटल्याचा संशय घ्यायचा. नांदेडला एमआरआय झाला आणि संशय खरा ठरला. मोसम संपलाच, शिवाय शस्त्रक्रिया करून पुन्हा मैदानात यायचं म्हटलं तरी किमान नऊ महिने.

ही दुखापत मुलींना मुलांपेक्षा जास्त होते. फुटबॉलसारख्या खेळात दोन ते तीन पटींनी. बहुतेक वेळा कुणी धडकलेलंही नसतं. उडी मारून उतरताना किंवा वळताना मुलींचा गुडघा कमी वाकतो आणि आतल्या बाजूला झुकतो. मांडीचा पुढचा स्नायू जोर करतो, मागचा मागं राहतो. कमरेची ठेवण, संप्रेरकं यांचाही वाटा असेल, त्यावर वाद आहेत. मला मात्र आणखी एक कारण वाटतं. मुलगा पाचव्या वर्षापासून झाडावरून, गच्चीवरून उड्या मारत उतरायला शिकलेला असतो. मुलीला आपण नीट बस म्हणतो आणि अठराव्या वर्षी एकदम खांबाभोवती भरधाव वळायला सांगतो.

वळणं आणि उतरणं शिकवता येतं. खो-खोवर असे मोठे अभ्यास माझ्या वाचनात नाहीत, म्हणून फुटबॉलकडून उसनं घ्यावं लागतं. नॉर्वेत २००७ च्या मोसमात १२५ क्लबांमधल्या १३ ते १७ वयाच्या १,८९२ मुलींवर एक प्रयोग झाला. निम्म्याहून थोड्या जास्त क्लबांनी सरावाआधी वीस मिनिटांचा ठरावीक व्यायाम करायचा, बाकीच्यांनी नेहमीसारखं. २००८ मध्ये निकाल छापून आला. व्यायाम करणाऱ्या गटात एकूण दुखापती सुमारे एक तृतीयांशानं कमी होत्या, गंभीर दुखापती जवळजवळ निम्म्यावर आल्या होत्या. हाच व्यायाम आज 'फिफा ११ प्लस' या नावानं जगभर शिकवला जातो. त्याला यंत्र लागत नाही, पैसा लागत नाही. आठ मिनिटं हलकं धावणं. मग दहा मिनिटं कोपरांवर अंग ताठ धरणं, एका पायावर तोल, गुडघे टेकून बसून जोडीदारानं घोटे धरल्यावर हळूहळू पुढं झुकणं, उठाबशा, छोट्या उड्या. शेवटी दोन मिनिटं वेगानं पळणं आणि वळणं. एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहायची. उडीनंतर उतरताना गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत राहायला हवा, आत झुकता कामा नये. आम्ही मोबाइलवर चित्रफीत काढून मुलींना त्यांचेच गुडघे दाखवले. त्यावर त्या इतक्या हसल्या की सर चिडले. पण दुसऱ्या दिवसापासून त्या एकमेकींना ओरडून सांगू लागल्या, "गुडघा, गुडघा!"

हे जुलैत सुरू करायला हवं होतं. ऑक्टोबरात, एक गुडघा गेल्यावर केलं.

या मुलींपुढं आदर्श नाहीत असं नाही. धाराशिवची सारिका काळे २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारताची कर्णधार होती, २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. अंतिम सामन्यात भारतीय मुलींनी नेपाळला ७८-४० असं हरवलं. त्या संघाची कर्णधार प्रियांका इंगळे हिचं मूळ गाव शेजारच्या बीड जिल्ह्यात, केज तालुक्यात. तिचा फोटो आमच्या कर्णधाराच्या मोबाइलच्या पडद्यावर आहे. २ नोव्हेंबरला नवी मुंबईत मुलींनी क्रिकेटचा विश्वचषक जिंकला, त्या रात्री सगळ्या जणी एका मैत्रिणीच्या घरी टीव्हीसमोर होत्या.

पण त्याच सुमारास तुळशीची लग्नं लागतात आणि माणसांची लग्नं सुरू होतात. आमच्या डोंगरपट्ट्यातल्या वाड्या-तांड्यांवरची कुटुंबं ऊसतोडीला निघतात ती याच दिवसांत. कोयत्याला जोडी लागते आणि वयात आलेली मुलगी मागं कुणाच्या भरवशावर ठेवायची, हा प्रश्न असतो. त्यात यंदा पीक गेलेलं. राष्ट्रीय पाहणीत परभणी जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी ४८ टक्के जणींचं लग्न अठरा पूर्ण होण्याआधी झालेलं होतं. राज्याचा आकडा २२ आहे. या संघातल्या मुली म्हणजे त्या चाळणीतून निसटून पदवीपर्यंत पोचलेल्या. तरीही पंधरापैकी एकीचं लग्न नोव्हेंबरात ठरलं आणि एक आई-वडिलांबरोबर कारखान्याकडं गेली. गुडघ्याची एक आधीच गेली होती. संघ बाराचा उरला.

इथं मला माझ्या ओपीडीबद्दल बोलायला हवं. १९-२० वर्षांची मुलगी माझ्यासमोर पहिल्यांदा येते ती बहुधा पहिल्या गरोदरपणात. तेव्हा हिमोग्लोबिन नऊ असतं. गरोदरपणात रक्ताचं पाणी वाढून ते आणखी खाली जातं, बाळालाही लोह हवं असतं आणि हातात उरलेले असतात पाच-सहा महिने. बाळंतपणात जो रक्तस्राव बारा हिमोग्लोबिनची बाई सोसून जाते, तोच सात-आठच्या बाईला अत्यवस्थ करतो. अशी एक रात्र आणि एक रिकामी रक्तपेढी सरकारी नोकरीतल्या प्रत्येक डॉक्टरला आठवत असते. त्याच मुलीला मी एक-दोन वर्षं आधी पाहू शकलो असतो. तिचा कागद माझ्या टेबलावर आला होता. मी त्यावर सही केली होती.

स्पर्धा डिसेंबरात झाली. मी पहिल्यांदाच सामना पाहायला गेलो. पहिल्या फेरीत आमच्या मुली जिंकल्या. दुसऱ्या फेरीत समोरचा संघ वर्षभर मॅटवर सराव करणारा होता आणि ते लगेच कळत होतं. ८.९ वाली मुलगी दुसऱ्या तुकडीत आली. मी घड्याळ लावलं होतं. दीड मिनिट झालं तेव्हा ती दोघींमधून निसटली. दोन मिनिटं झाली तेव्हा खांबाजवळ एकीनं तिच्यावर सूर मारला आणि तिनं पाऊल मागं घेतलं. दोन मिनिटं चाळीस सेकंदांनी ती बाद झाली आणि चालत बाहेर आली, धापा टाकत होती पण बसली नाही. सामना आम्ही चार गुणांनी हरलो. परतताना एसटीत सर सगळा वेळ पंचांच्या एका निर्णयाबद्दल बोलत होते. मला खो-खो तेवढं कळत नाही.

पाळी थांबलेल्या मुलीला ती डिसेंबरअखेरीस आली, सिस्टरनं मला खुणेनंच सांगितलं. गुडघ्याची मुलगी मांडीचे व्यायाम करते आहे, शस्त्रक्रियेची तारीख अजून ठरायची आहे. ऊसतोडीला गेलेल्या मुलीला आशाताईंच्या हाती तीन महिन्यांच्या गोळ्या दिल्या होत्या. ती त्या घेते का, हे ती परत आल्यावर कळेल.

जानेवारीत सगळ्यांचं रक्त पुन्हा तपासलं. ८.९ चं ११.७ झालं होतं. कागद हातात घेऊन ती बराच वेळ पाहत राहिली.

"बारा का नाही झालं, सर?"

"होईल. पण बारा झालं तरी गोळी लगेच थांबवायची नाही. रक्तातलं भरल्यावर शरीर कोठारात साठवायला लागतं. आणखी तीन महिने."

तिनं बोटांवर महिने मोजले. "म्हणजे एप्रिल. परीक्षा तेव्हाच हाय." मग जरा थांबून म्हणाली, "सर, माझी धाकटी बहीण अकरावीला हाय. ती काही खेळत नाही. तिला आणलं तर चालंल का?"